वर्गणीच्या जीपचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलण्याआधी आज आम्हाला एक हिशेब द्यायचा आहे. संघटनेची जीप तुमच्या वर्गणीतून घेतलेली आहे. कोणी पन्नास रुपये दिले, कोणी कापूस विकून आल्यावर पाचशे दिले. त्या जीपचे इंजिन आम्ही आठ महिन्यांत दोनदा बांधले. पहिल्या वेळी ५२,००० रुपये लागले, दुसऱ्या वेळी ९६,५००. एकूण १,४८,५००. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला. त्या भावाने हा सव्वाएकोणीस क्विंटल कापूस झाला. कोरडवाहू रानात एवढा कापूस किती एकरांतून निघतो, हे तुम्हाला सांगायला नको.

यातले पहिले ५२,००० पाण्यात गेले, आणि ते आमच्या चुकीने गेले. ही चूक झाकून ठेवता आली असती. पण तुमच्यापैकी अनेकांच्या दारात टर्बोचे डिझेल इंजिन असलेली जीप किंवा पिकअप उभी आहे. आज ना उद्या तिचे काम निघणार आहे. आमच्या ठेचेतून तुम्ही शहाणे झालात तर ते पैसे अगदीच वाया गेले असे होणार नाही.

निदानाआधी औषध

जीप ३,४०,००० किलोमीटर चालली होती. निळा धूर मारत होती, चढाला दम टाकत होती, आठवड्याला लिटरभर ऑइल पीत होती. आम्ही कृषी पदवीधर. रोग ओळखल्याशिवाय औषध फवारू नका, असे गावोगाव सांगत फिरलो. इंजिनच्या बाबतीत मात्र गॅरेजवाला म्हणाला, "रिंगा गेल्या, बांधून टाकू," आणि आम्ही मान डोलावली.

धुराची भाषा साधी आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त जाते आहे. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा आत पाणी शिरले आहे. टर्बोच्या गाडीत निळ्या धुराला दोन वाटा असतात. रिंगा झिजल्या तरी तो येतो आणि टर्बोचे सील गेले तरी येतो. टर्बोचा हवेचा पाइप काढून दांडी हलते का, पाइपात ऑइल साचले आहे का, एवढे पाहायला अर्धा तास लागतो. चालू इंजिनवर ऑइल भरायचे झाकण उघडून भपके येतात का पाहावे, कंप्रेशन मोजून घ्यावे. मग ठरवावे, इंजिन खोलायचे की नुसता टर्बो उतरवायचा.

टर्बोवर कशाचा भार असतो

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने टर्बोच्या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. कल्पना अशी की सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांडीवरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात हवा कोंबायची. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येते, म्हणून ताकद जास्त. ही दांडी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि केवळ ऑइलच्या पातळ थरावर तरंगते.

पण ताकद फुकट मिळत नाही. पिस्टनवर दाब वाढतो, उष्णता वाढते. म्हणून कारखाना साध्या इंजिनावर नुसता टर्बो चढवून मोकळा होत नाही. मर्सिडीजने १९७८ मध्ये ३०० एसडी ही टर्बो डिझेल मोटार अमेरिकेत आणली, तेव्हा तिच्या इंजिनात पिस्टनला खालून ऑइलचा फवारा देऊन थंड करण्याची सोय केली, क्रँकवर कठीण थर चढवला, धूर सोडणारे व्हॉल्व्ह सोडियम भरलेले घातले. आपल्याकडच्या टर्बो डिझेलच्या पिस्टनमध्येही वरच्या रिंगेच्या खाचेत लोखंडी कडे ओतून बसवलेले असते, कारण नुसते अॅल्युमिनियम त्या माराखाली टिकत नाही. 'आतले मजबूत पार्ट' म्हणतात ते हे.

आमच्या तीन चुका

पहिल्या वेळी आमच्या इंजिनात जे पिस्टन बसले ते टर्बोचे नव्हतेच. त्याच इंजिनाच्या बिनटर्बो प्रकारातले, त्याच व्यासाचे, दिसायला सारखे आणि स्वस्त. बिलावर पार्टचा नंबर नव्हता आणि आम्हीही मागितला नाही. ही पहिली चूक.

दुसरी चूक, एअर फिल्टरच्या पुढचा रबरी पाइप चिरलेला होता. कापसाच्या हंगामात काळ्या मातीच्या रस्त्यावर जी धूळ उडते, ती त्या चिरेतून आत जात होती. जुन्या रिंगा त्या धुळीनेच खाल्ल्या होत्या. रिंगा बदलल्या, चीर तशीच राहिली. बोंडअळीचा बंदोबस्त न करता नुसते बियाणे बदलावे, तसेच हे झाले.

तिसरी चूक, काम झाल्यावर गाडीने जोर धरावा म्हणून डिझेल पंपाचा स्क्रू वाढवून घेतला. नव्या गाड्यांत हेच काम कॉम्प्युटरची सेटिंग बदलून करतात. डिझेल वाढले, धग वाढली, आणि ती सोसणारे पिस्टन आत नव्हते.

९,००० किलोमीटर झाले आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात जीप बसली. आत सात कार्यकर्ते होते. खोलून पाहिले तर एका पिस्टनच्या माथ्याला तडा, दोघांच्या वरच्या खाचा रुंद झालेल्या, बोअरला ओरखडे, आणि धातूच्या कणांनी क्रँकही खराब केलेला.

दुसऱ्यांदा काय केले

दुसऱ्या वेळी आम्ही आधी मोजमाप मागितले, मग पैसे काढले. बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजून घेतला. ओव्हरसाइज ठरल्यावर टर्बोच्याच नंबरचे पिस्टन आणले, ते हाती आल्यावर त्यांच्या मापाने बोअर केला. क्रँक ग्राइंड केला की वरचा कठीण थर निघून जातो. तो पुन्हा चढवावा लागतो का, हे विचारून घेतले. कनेक्टिंग रॉड वाकला-पिळला आहे का तपासले, त्याचे बोल्ट नवे घातले. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा वापरणे म्हणजे झिजलेल्या दोराने मोट ओढणे. तो तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. हेडला तडा नाही हे पाण्याचा दाब देऊन पाहिले.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळले जाणारे काम म्हणजे धुणे. होनिंगनंतर बोअरमध्ये दगडाची बारीक कच राहते. ती नुसत्या डिझेलने नीट निघत नाही. साबण, गरम पाणी आणि ब्रश लागतो. ऑइलच्या वाटा साफ केल्या. पिस्टनवर फवारा मारणाऱ्या नळ्या सरळ आणि मोकळ्या आहेत हे पाहिले. टर्बोला ऑइल नेणारी नळी नवी घातली, कारण जुनीत कार्बन जमतो. इंटरकूलर धुतला, नाहीतर त्यात अडकलेले जुने तुकडे नव्या पिस्टनवर जाऊन पडतात. पाइप बदलला, पंप मूळ मापावर आणला.

चालू करण्याआधी इंजिन नुसते फिरवून ऑइलचा दाब आणला. नंतर तासन्‌तास जागेवर फुर्रफुर्र चालवले नाही. तसे केले तर रिंगा बोअरला बसत नाहीत. मध्यम भाराने, वेग बदलत चालवले आणि हजार किलोमीटरच्या आतच ऑइल बदलले. घाटातून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटे चालू ठेवतो, म्हणजे तापलेल्या टर्बोत ऑइल जळून बसत नाही.

काही तरुण कार्यकर्त्यांनी विचारले, फोर्ज्ड पिस्टन का नाही घातले? लोहाराने घण मारून घडवलेला फाळ आणि साच्यात ओतलेला फाळ यांत फरक असतो, तसा तो फरक आहे. फोर्ज्ड पिस्टन शर्यतीच्या गाडीला किंवा ताकद खूप वाढवायची असेल तिथे उपयोगी. पण तो तापल्यावर बहुधा जास्त फुगतो, म्हणून त्याला जागा जास्त सोडावी लागते आणि थंड इंजिनात तो वाजतो. शिवाय एक पार्ट मजबूत करून ताकद वाढवली की मार पुढच्या कच्च्या पार्टवर जातो. आधी क्लच, मग गिअरबॉक्स. कापूस जिनिंगला नेणाऱ्या गाडीला कारखान्याच्या मापाचा खरा टर्बो पिस्टन पुरतो. मजबुती जिथे मार बसतो तिथे हवी, आणि मार का बसतो याचे कारण आधी दूर करायला हवे.

संघटनेने काय करावे

गॅरेजवाल्याला शिव्या देऊन आपले भागणार नाही. मापांचे पुस्तक आणि पार्टचे नंबर त्याच्याही हाती सहज येत नाहीत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात शेतीची अवजारे आणि मोटारगाड्या दोन्ही घेतल्या. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. गाडी विकणाऱ्याने मापे आणि नंबर कोणत्याही मेकॅनिकला खुले केले पाहिजेत, ही आपली मागणी आहे.

दुसरी गोष्ट कराची. मोटारीच्या बहुतेक सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. आमचे काम त्याआधीचे. पण अठरा असो की अठ्ठावीस, व्यापारी आपला कर वळता करून घेतो, शेतकऱ्याला तो वळता करता येत नाही. तो आपल्या खर्चात जातो आणि कापसाच्या भावात दिसत नाही.

म्हणून प्रत्येक तालुक्याने तीन गोष्टी ठरवाव्यात. बोअर गेज आणि टॉर्क रेंच वर्गणीतून घेऊन तालुक्याच्या ठिकाणी ठेवावेत. पार्टचा नंबर लिहिल्याशिवाय बिल घेऊ नये. आणि गाडी, ट्रॅक्टर, पंप यांच्या दुरुस्तीचा प्रत्येक रुपया वहीत लिहावा, कारण उत्पादन खर्च मागायला जाताना ती वहीच आपली साक्षीदार आहे.

जीपच्या दोन्ही कामांची बिले आणि तडा गेलेला पिस्टन व्यासपीठाच्या बाजूच्या टेबलावर ठेवला आहे. येऊन हातात घेऊन पाहा. कोणाला हिशेबात खोट दिसली तर आत्ता, इथेच विचारा. पैसा तुमचा आहे.