उसाच्या टनामागचे संशोधन

देशाने संशोधनावर किती खर्च करावा ही चर्चा दिल्लीत होते, तशी शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या घोड-भीमेच्या या पट्ट्यातही व्हायला हवी. संशोधनासाठी पदरचा पैसा देणे इथल्या ऊस उत्पादकाला नवीन नाही. 1975 साली सहकारी साखर कारखान्यांनी मांजरीला जी संस्था उभारली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दिलेल्या वर्गणीचा तिला आधार मिळाला, आणि ती वर्गणी शेवटी उसातूनच आली.

त्या पैशाला काय फळ येते, हे शेतात दिसते. को 86032 हा वाण कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेतल्या संकरातून आला, आणि नीरा खोऱ्यातल्या पाडेगावच्या केंद्रात पारखून 1996 साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. वाणाच्या क्रमांकातले 86 हे निवडीचे वर्ष. म्हणजे निवडीपासून शेतकऱ्याच्या हाती बेणे येईपर्यंत दहा वर्षे गेली, आणि त्यामागे 1912 पासूनचे कोइमतूर व 1932 पासूनचे पाडेगाव उभे होते. आजही राज्यातल्या उसाच्या मोठ्या क्षेत्रावर हाच वाण आहे. हे त्याचे यश खरेच, पण एकाच जुन्या वाणावर इतका भार टाकणे मला धोक्याचे वाटते. एखादा रोग त्याच्यावर उलटला, तर पर्याय एका हंगामात तयार होत नाही.

गरीब देशाने शोध लावत बसण्यापेक्षा तंत्रज्ञान विकत घ्यावे, असे काही जण म्हणतात. यंत्र विकत मिळते. आपल्या चोपण जमिनीत, आपल्या हुमणीपुढे टिकणारा ऊस मात्र कोणी तयार करून ठेवलेला नसतो. विकत घेतलेले तंत्र पचवायलाही जाणकार माणसे लागतात. दक्षिण कोरियाने परदेशी तंत्रज्ञान भरपूर घेतले, पण देश गरीब असतानाच, 1966 साली, स्वतःची विज्ञान-तंत्रज्ञान संस्थाही काढली. आज तो देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास पाच टक्के संशोधनावर खर्च करतो. भारताचा 2020-21 चा आकडा 0.64 टक्के आहे. तिथे या खर्चातल्या दर पाच रुपयांपैकी सुमारे चार रुपये उद्योग घालतात, आपल्याकडे खासगी उद्योगांचा वाटा 36 टक्क्यांच्या आसपास. त्याच कोरियातल्या कंपनीचा कारखाना आपल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे. शिरूरच्या पोरांना या वसाहतीत जोडणीचे, देखभालीचे काम मिळते आणि त्यावर घरे चालतात, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण नवी वस्तू जिथे घडते, त्या प्रयोगशाळेत आमची मुले क्वचितच पोचतात.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: मुलांना शिकवून काय उपयोग, हुशार पोरे परदेशीच जाणार. पण माणूस कामाच्या मागे जातो. दर दहा लाख लोकसंख्येमागे आपल्याकडे संशोधक अडीचशेच्या घरात, कोरियात आठ हजारांहून अधिक. जागाच नसतील तर पदवीधराने थांबायचे कुठे? शिवाय संशोधन फक्त डॉक्टरेटवाल्यांच्या बळावर चालत नाही. ऊतीसंवर्धनाची रोपे वाढवणारी, माती-पाणी तपासणारी, यंत्रांचे मापन नेमके ठेवणारी तंत्रज्ञ मुले-मुली लागतात, आणि ती याच गावांतून तयार होऊ शकतात.

खासगी क्षेत्रातल्या संशोधनासाठी केंद्राने 2025 मध्ये एक लाख कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. त्यातले बहुतेक पाठबळ दीर्घ मुदतीच्या स्वस्त कर्जाचे असल्याने ते मागायला उद्योगाला स्वतः पुढे यावे लागेल. शेतकरी टनामागे वाटा देऊ शकतो, तर रांजणगावच्या कंपन्यांनी आणि आपल्या साखर कारखान्यांनीही विक्रीतला ठरावीक हिस्सा याच तालुक्यांतल्या प्रयोगशाळांवर आणि तंत्रज्ञांच्या पगारी जागांवर खर्च करावा. ही मागणी मी या परिषदेच्या ठरावासाठी मांडतो आणि अध्यक्ष महोदयांनी कामकाज सुरू करावे, अशी विनंती करतो.