दारचे अंगण मोकळे करू या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी सातवी शिकलेली बाई, मोठाल्या विषयांवर काय बोलणार? पण गेली वीस वर्षे दारची बाग माझ्या हाताखाली आहे, तेव्हा तिच्याविषयीच बोलते.

पाऊस आता उतरणीला लागला आहे. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद ऋतू. या दिवसांत आपण दसरा-दिवाळीची झाडझूड करतो, डबे घासतो, माळे उपसतो. पण पुढच्या अंगणातली झुडपे मात्र वर्षानुवर्षे तशीच वाढू देतो. लावताना रोप वीतभर असते, दहा वर्षांत ते पुरुषभर उंच होते. खाली नुसत्या काटक्या, वर पाला, आणि फुले शेंड्याला, जिथे काठीही पोचत नाही. खिडकीतला उजेड जातो, भिंतीला ओल धरते. खाली करवंट्या, फुटके डबे पडलेले कोणाला दिसत नाहीत, आणि त्यांत पाणी साचते. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो.

पण याहून मोठी गोष्ट मला सांगायची आहे. गेल्या श्रावणात आपल्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या एक आजी अंगणातल्या शेवाळावर घसरून पडल्या. पुढे मेंदीचे कुंपण डोक्याच्या वर गेलेले. दूधवाला गेला, मुले शाळेला गेली, पण कोणालाच त्या दिसल्या नाहीत आणि त्यांची हाकही रस्त्यापर्यंत पोचली नाही. तासाभराने कामवाली आली तेव्हा कळले. देवाच्या कृपेने आजी बऱ्या झाल्या. आज त्या इथे पुढेच बसल्या आहेत आणि त्यांनी ‘सांग’ म्हटले म्हणूनच सांगते आहे. माझे मत तेव्हापासून पक्के झाले आहे, की दारची झुडपे कमरेच्या वर नकोत. शोभा असावी, थोडा आडोसाही असावा, पण शेजारणीला शेजारीण दिसली पाहिजे.

मग कोणते झुडूप ठेवावे आणि कोणते काढावे? बुंध्याशी नवे कोंब फुटत असतील, तर ते झाड छाटणीने पुन्हा भरते. जास्वंद, तगर, मेंदी यांचे असेच आहे. मात्र सगळे एकदम बोडके करू नये. सर्वांत जुन्या फांद्यांपैकी तिसरा हिस्सा यंदा जमिनीलगत काढावा, तितकाच पुढच्या वर्षी, उरलेला त्याच्या पुढच्या वर्षी. पारिजातक सध्या फुलतो आहे, त्याला आत्ता हात लावू नये. बहर ओसरल्यावर छाटावा. मोगऱ्याची छाटणी थंडीत करावी, म्हणजे उन्हाळ्यात कळ्या धरतात.

खोड किडीने पोखरलेले असेल, किंवा झुडूप जागेच्या मानाने मोठेच असेल, तर ते मुळासकट काढावे. टणटणी, जिला आपण घाणेरी म्हणतो, तीही काढावी. ही मूळची अमेरिकेकडची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी आपल्या देशात आणली आणि पुढे तिने रानेच्या राने व्यापली. फळे पाखरे खातात आणि बी गावभर पसरते. तिचा पाला खाऊन गुरेही आजारी पडतात.

कण्हेरीचे फूल देवाला चालते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीचे बी तर जिवावर बेतते. त्याचे विष हृदयावर चालते. घरात लहान मूल असेल तर ती दारात नको. तोडताना हातांना कापड गुंडाळावे, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि काटक्या बंबात मुळीच घालू नयेत, कारण धूरही बाधतो.

पुष्कळ घरांत झाड काढायला मन धजत नाही, कारण ते सासूबाईंच्या हातचे असते. आमच्या दारची लाल जास्वंद अशीच होती. त्यांनी ती लग्न होऊन आल्या त्या वर्षी लावलेली, आणि खोड आतून पोखरून गेलेले. मी तिच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब फांद्या घेतल्या. डोळ्याच्या खाली तिरका काप दिला, खालची पाने काढली आणि दोन डोळे मातीत जातील अशा त्या वाळूमिश्रित मातीत सावलीला लावल्या. नव्या रोपांनी जीव धरल्यावरच जुने खोड हलवले. फूल तेच, रंग तोच. पूजेला खंड नाही. झाड जाते, पण त्याचा वंश राहू शकतो, हे लक्षात घ्यावे.

आता लागवडीचे. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा करून तो आठ दिवस उन्हात तापू द्यावा. मातीत तिसरा हिस्सा कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. भिंतीपासून तीन फूट सोडावे. रोप आज केवढे आहे ते न पाहता, उद्या केवढे होईल ते पाहून अंतर ठेवावे. दसऱ्याच्या सुमारास ऊन कडक असते, म्हणून संध्याकाळी लावावे आणि बुंध्याशी वाळका पाला पसरावा. जमिनीत पावसाची ओल असल्याने मुळे लवकर धरतात. पुढच्या ओळीला अबोली आणि शेवंती, मागे मोगरा, कुंद, तगर. कुंपणाला अडुळसा, जो शेळी खात नाही आणि खोकल्याला उपयोगी पडतो. त्यालाही कात्री लावून कमरेइतकाच ठेवावा.

हे सगळे झुडपांपुरते आहे. मोठ्या झाडाला हात लावण्याआधी नगरपालिकेची परवानगी घ्यावी. १९७५ पासून शहरांसाठी तसा कायदा आहे.

शेवटी एक विनंती. काही घरी कुदळ मारायला कोणी नाही, गुडघे दुखतात, मुले परगावी आहेत. तिथे आपण चौघी-चौघी जाऊ. एक रविवार एका घरी, आणि निघताना ज्या त्या घरच्या फांद्या वाटून घेऊ. एकीची अबोली दुसरीकडे, दुसरीची शेवंती तिसरीकडे. कार्तिकात तुळशीचे लग्न लागेल तोवर गल्लीतले प्रत्येक अंगण रस्त्यावरून दिसले पाहिजे. ज्यांना यायचे आहे त्यांनी चहाच्या वेळी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.