‘मूळव्याधच असेल!’
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘आरोग्यावर दहा मिनिटं’ दिली आहेत. आमटीचा वास इथपर्यंत येतोय आणि मी बोलणार आहे संडासाविषयी. सर, बाई, माफ करा. मोठं आतडं आणि गुदाशय यांची ऑपरेशनं करणं हाच माझा धंदा आहे. हा विषय जेवणाआधी नको, जेवल्यावर नको, पोरांसमोर नको, सुनेसमोर तर नकोच, असं करत करत माणसं आमच्याकडे फार उशिरा येतात.

आपल्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं सांगतो. नाव-गाव विचारू नका. वय अठ्ठेचाळीस. संडासच्या वेळी रक्त पडायचं. ‘तिखट जास्त झालं’, ‘उष्णता झाली’, ‘मूळव्याधच असेल’. पहिलं निदान त्याचं त्यानेच केलं, दुसरं मेहुण्याने, तिसरं रस्त्यावरच्या पाटीने. ‘मूळव्याध, भगंदर, बिनऑपरेशन, खात्रीशीर’ ही पाटी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. चौदा महिने त्याने पुड्या खाल्ल्या, मलमं लावली. त्या चौदा महिन्यांत एकानेही हातमोजा घालून बोटाने आतून तपासलं नाही. माझ्या टेबलावर तो आला तेव्हा गाठ बोटाला लागायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

माझं भांडण कुठल्या पॅथीशी नाही. बोट न घालता ‘मूळव्याध’ म्हणणाऱ्याशी आहे, मग त्याच्या भिंतीवर कुठलीही डिग्री टांगलेली असो. रक्त पडणाऱ्या बहुतेकांना खरंच मूळव्याध किंवा चीर असते, हे खरं. पण ते तपासल्यावर म्हणायचं. शिवाय मूळव्याध आणि गाठ एकाच माणसाला एकाच वेळी असू शकते. संडासची सवय काही आठवडे बदललेली राहिली, पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं आणि पोट साफ होत नाही, रक्ताबरोबर शेंब पडते, तर थांबू नका.

‘हा म्हातारपणाचा रोग, आपल्याला काय?’ असं कुणी म्हणेल. मुंबईच्या टाटा मेमोरियलने आपल्याकडच्या ८०० रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध केली. त्यांचं सरासरी वय होतं ४७. आपण सगळे ते ओलांडून बसलोय.

मैत्रिणींसाठी एक वेगळी गोष्ट. आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ झिरपते, पण रक्त डोळ्यांना दिसत नाही. नुसती धाप लागते, चेहरा पांढरा पडतो. पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन आठ आलं की आपल्याकडे तिला लोहाच्या गोळ्या देतात, बीट खायला सांगतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा गोळ्या देतात. रक्त जातंय कुठे, हे कुणी विचारत नाही. पाळी थांबल्यावर लोह कमी होत असेल, तर पोट आणि आतडी तपासून घ्या असं डॉक्टरला स्वतःहून सांगा. पुरुषांनाही हेच लागू.

आता त्या शेतकऱ्याकडे परत. गाठ गुदाशयात अगदी खाली, स्नायूला चिकटलेली होती. एमआरआय, सीटी झालं. आधी रेडिएशन आणि केमो, मग काही आठवड्यांनी ऑपरेशन. बिल हील्ड नावाच्या इंग्रज सर्जनने १९८२ साली दाखवून दिलं की गुदाशयाभोवतीचं चरबीचं आवरण न फाडता, पुडकं बांधल्यासारखं अखंड काढलं, तर त्याच जागी रोग परतण्याचं प्रमाण खूप कमी होतं. आजही आम्ही तेच करतो, दुर्बिणीने केलं तरी. गाठ थोडी वर असती, तर आतडं जोडून काही महिन्यांची तात्पुरती पिशवी पुरली असती. याला कायमची लागणार होती.

खर्च योजनेत बसला. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी म्हणून ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं सोलापूर होतं. आता ती महात्मा फुले यांच्या नावाने आहे आणि मर्यादा पाच लाखांपर्यंत गेली आहे. त्यामुळे पैशाचा प्रश्न त्याने फारसा काढला नाही. वारकरी माणूस, त्याने विचारलं, “विठोबापुढं ही पिशवी घेऊन कसा उभा राहू?”

मी पिशवी चांगली चिकटते, वास येत नाही, वगैरे सांगायला लागलो. त्याच्या बायकोने मला मध्येच थांबवलं. म्हणाली, “सगळ्यांच्याच पोटात आसतंय की ते. तुमचं तेवढं बाहीर हाय.” मी इतकी वर्षं रुग्णांना पिशवीविषयी समजावतोय, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही. पुढच्या आषाढीला गडी पंढरपूरपर्यंत चालत गेला. जादा पिशव्या पडशीत होत्या.

या घरातली खरी कमाई मात्र वेगळी आहे. भावाला आतड्याचा कर्करोग, म्हणून धाकट्याला मी कोलोनोस्कोपीला बोलावलं. तो चाळिशीचा, कसलाही त्रास नसलेला, दोनदा तारीख चुकवणारा. आदल्या रात्री पोट साफ करायचं पाणी पितानाच त्याने मला मनसोक्त शिव्या घातल्या असणार. तपासणीला अर्धा तास लागला. आत देठावर लोंबणारा बोराएवढा पॉलिप निघाला. तारेच्या फासाने तिथल्या तिथे काढला, टाका नाही, पिशवी नाही. संध्याकाळी घरी. अशा पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. थोरल्याच्या पोटात ती दहा वर्षं कुणाच्या लक्षात न येता गेली होती.

म्हणून, आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कुणाला हा रोग झाला असेल, तर चाळिशीला, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करा. बाकी सगळ्यांनी उठून कोलोनोस्कोपी करावी असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. सरकारी तपासणी मोहिमेतही तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. पन्नाशीनंतर शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी ‘फिट’ नावाची साधी तपासणी वर्षा-दोन वर्षांनी करता येते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे कर्करोग झाला असं नाही, पण मग कोलोनोस्कोपी टाळायची नाही. आणि डोळ्यांना रक्त दिसत असेल तर ‘फिट’च्या भानगडीत न पडता सरळ डॉक्टर गाठायचा.

हे खेड्यात कसं जमणार, असं वाटत असेल तर कुर्डुवाडीवरून बार्शीला जाऊन बघा. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथल्या नर्गिस दत्त रुग्णालयात १९८७ साली सुरू झाली. कर्मचारी गावोगाव जायचे, लक्षणं सांगायचे, संशय असेल त्याला तपासणीला आणायचे. त्या भागातल्या बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आधीच्या टप्प्यावर यायला लागल्या, हे १९९५ मध्ये परदेशी नियतकालिकात छापून आलं. यंत्रं नंतर आली. पुढे त्याच रुग्णालयाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला, आणि तो जगभर वाचला गेला. आपल्या शेजारच्या गावांतल्या बायका एवढ्या नाजूक जागेच्या तपासणीला तयार झाल्या. मग आपण बाप्ये कशाला लाजतोय?

बॅचच्या ग्रुपवर यातलं काही लिहू नका. तिथे उत्तरादाखल फक्त हसणारे चेहरे येतील. मला फोन करा. घरात कुणाला झालं असेल तर त्याचं तेव्हाचं वय आठवून ठेवा, जुनी फाइल असेल तर आणा. नसली तरी या.