‘आमच्यामागे याचे कसे?’

(डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांच्या स्वावलंबनाविषयी दिलेले भाषण)



डाऊन सिंड्रोम असलेल्या लहान मुलांविषयी आपल्याकडे अधूनमधून बोलले जाते. परंतु ही मुले मोठी होतात, पंचविशी-चाळिशी गाठतात, तेव्हा त्यांच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. म्हणून आज आम्ही त्या प्रौढांविषयीच बोलणार आहोत.

विद्यार्थ्यांसाठी प्रथम थोडी माहिती. माणसाच्या पेशीत सर्वसाधारणपणे ४६ गुणसूत्रे असतात. डाऊन सिंड्रोममध्ये बहुतेक वेळा २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते. १८६६ साली जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले आणि १९५९ साली फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कारण प्रसिद्ध केले. तेव्हा हा शाप नाही, ग्रहणाचा दोष नाही आणि आईच्या हातून घडलेली चूक तर नाहीच नाही.

अमेरिकेत १९८३ च्या सुमारास अशा व्यक्तीचे सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होते. आज ते ६० च्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया व चांगले उपचार यांचा यात मोठा वाटा आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यातूनच नवा प्रश्न उभा राहिला. आता ही मुले आई-बापांच्या माघारीही जगणार. ‘आमच्यामागे याचे कसे?’ हा प्रश्न प्रत्येक आईच्या उशाशी असतो.

‘भाऊ पाहील’ असे आपण म्हणतो. भाऊ पाहीलही. परंतु ज्याला तीस वर्षे कोणी स्वतःचे ताट धुऊ दिले नाही, तो भावाच्या घरी ओझे होऊनच जातो. दोष त्याचा नाही. आपण मायेपोटी त्याचे हात बांधून ठेवले, हे खेदाने म्हणावे लागते.

स्वावलंबन म्हणजे एकट्याने राहणे नव्हे. गिरणीवाला, बसचालक, शेजारी यांच्या आधारानेच आपण सारे जगतो. स्वावलंबन म्हणजे जमते ते स्वतः करणे आणि अडेल तिथे मदत मागता येणे.

हे शिकवायचे कसे? काम लहान पायऱ्यांत तोडावे. चहा करायचा तर पाणी मोजणे, गॅस पेटवणे, साखर-पावडर घालणे, गाळणे, गॅस बंद करणे अशा पायऱ्यांची चित्रे ओट्याजवळ लावावीत. यातील बहुतेकांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले चांगले लक्षात राहते. बसचा प्रवास शिकवताना प्रथम शेजारी बसावे, मग मागच्या बाकावर, मग उतरण्याच्या थांब्यावर जाऊन उभे राहावे. प्रश्न विचारला की उत्तरासाठी थोडे थांबावे. त्याच्या वतीने आपणच उत्तर देऊ नये. महिना लागेल, वर्षही लागेल. पण शिकणे अठराव्या वर्षी संपत नाही.

निर्णयांचेही तसेच आहे. पस्तिशीच्या माणसाला आपण ‘बाळ्या’ म्हणतो, त्याचा सदरा आपण निवडतो आणि दवाखान्यात डॉक्टर त्याचे दुखणे त्याच्या आईला विचारतात. हे बदलले पाहिजे. सदरा त्याने निवडावा, दुखणे त्याने सांगावे. ‘नको’ म्हणण्याचा सराव तर अवश्य द्यावा. गैरफायदा घेणाऱ्यापासून बचाव करताना तोच शब्द कामी येतो.

प्रकृतीकडेही लक्ष हवे. थायरॉईड, कान व डोळे यांची तपासणी नियमित करून घ्यावी. स्मृतिभ्रंशाचा आजार यांना इतरांपेक्षा लवकर गाठू शकतो. येत असलेले काम अचानक येईनासे झाले, तर ‘हा असाच आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने समाजात राहण्याचा, मालमत्ता बाळगण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहण्याचा हक्क मान्य केला आहे. त्यातील ‘मर्यादित पालकत्व’ म्हणजे ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळापुरता, त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार दोघांनी मिळून घेतलेला निर्णय. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली पालक नेमण्यासाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र प्रत्येकाने काढून ठेवावे. आई-वडील हयात असतानाच ही कागदपत्रे पूर्ण झाली पाहिजेत.

सभासदांना आमची विनंती आहे की, आपल्या वस्तीतील अशा व्यक्तीला कार्यक्रमात केवळ पहिल्या रांगेत बसवू नका. खुर्च्या मांडण्याचे, पाणी देण्याचे काम द्या. दुकानात काम दिलेत तर मजुरीही पूर्ण द्या. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आठवड्यातून एक तास काढा. कोणाला घड्याळ शिकवा, कोणाला नोटा ओळखायला शिकवा. आणि त्याला कोणी हसले, तर तिथेच हटका.

आईचा प्रश्न एकट्या भावाने सोडवायचा नाही. त्या भावासोबत सारी वस्ती असली आणि त्या माणसाच्या हातात चार कामे असली, तर आईला निश्चिंत झोप लागेल. त्या कामांची सुरुवात ती असतानाच, या आठवड्यातच व्हावी, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.