आप्तांच्या गाठीभेटी आणि झाडांचे पाणी



झाडे लावण्याची संस्था काढावयाची म्हटली की पैशाची चर्चा पुष्कळ होते. पैशाहून चिवट अडचण घरात असते, आणि तिच्याविषयी व्यासपीठावरून सहसा कोणी बोलत नाही. सुट्टीचे दिवस आप्तांचे की रोपांचे, हा तो प्रश्न होय.

1860 च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे निदान सात माणसे लागतात. ती कोठून येतात? दोघे मित्र, एक शेजारी, आणि उरलेले मेव्हणे, साडू, चुलतभाऊ! आमचे मत असे की नातलगांनी खुशाल खड्डे खणावेत, पाणी घालावे. पण विश्वस्तांत त्यांची भरती करू नये. महाराष्ट्रात अशा संस्थेला 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही लागू होतो; म्हणजे हिशेब आले, आणि विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज आला. घरातला रुसवा त्या अर्जापर्यंत पोहोचल्यावर दिवाळीच्या फराळाला काय चव राहणार?

1950 साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात. पावसाच्या तोंडावर रोप लावणे सोपे. मुले येतात, छायाचित्रे निघतात. खरी परीक्षा माघापासून मृग लागेपर्यंत. वड, करंज, कडुनिंब ही झाडे काटक खरी, तरी पहिले दोन-तीन उन्हाळे त्यांना हातचे पाणी लागते. पुढच्या लागवडीचे खड्डे खणून उन्हात तापत ठेवायचे तेही याच दिवसांत. आणि नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी, लग्नसराई, माहेरचे बोलावणे!

आमच्यातील एका सभासदाच्या आई कोकणात एकट्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे. गेल्या वैशाखात मुलगा पाण्याच्या पाळीसाठी थांबतो म्हणाला, तेव्हा त्या एवढेच बोलल्या, "झाडं पुढच्या वर्षी परत लावता येतील रे." आम्ही त्याला त्याच रात्रीच्या गाडीने पाठविले.

यावर कोणी कर्नाटकातील सालुमरद तिम्मक्का यांचे उदाहरण देतील. त्यांनी पतीसह रस्त्याकडेला शेकडो वड वाढविले, घागरींनी पाणी वाहिले. त्यांना मूल नव्हते. झाडांनाच त्यांनी लेकरे मानले. ते थोर खरेच, पण ज्यांची लेकरे नि आईबाप चार गावी विखुरलेले आहेत त्यांना ते माप लावणे न्यायाचे नाही.

म्हणून आम्ही संख्या उलट्या बाजूने ठरवितो. मे महिन्यात, निम्मी माणसे गावी गेलेली असताना, किती रोपांना पाणी देता येईल? आठवड्याला रोपामागे 10 लिटर धरले तर 200 रोपांना 2,000 लिटर होतात. तेवढे उचलणारे हात मागे राहात नसतील तर 80 च लावावीत. बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. शेजारी बारीक छिद्राचे मडके पुरून भरून ठेवावे. ओल हळूहळू मुळांना पोहोचते, आणि मनुष्य चार दिवस निर्धास्त गावी राहतो.

यंदा पाळ्यांचा तक्ता करताना आम्ही आधी प्रत्येकाच्या गावी जाण्याच्या तारखा लिहिल्या, पाणी मागाहून. 10 ते 18 मे एवढी जागा रिकामी राहिली आहे. ज्यांचे आप्त याच गावात आहेत अशा दोघांनी सभेनंतर दाराशी थांबावे. तक्ता आमच्यापाशी आहे.