फोन आणि लॅपटॉप : एक बेबनाव

फोन लॅपटॉपला जोडावा, काम ऐन रंगात यावे आणि तेवढ्यात जोडणी सुटावी, पुन्हा जोडावी आणि पुन्हा सुटावी, हा मनस्ताप आता केवळ शहरवासीयांची मिरासदारी राहिलेला नाही. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतील तालुके एकत्र करून जालना जिल्हा स्थापन झाला, तेव्हा तलाठ्याचे दप्तर म्हणजे कापडात बांधलेला बस्ता होता. आज त्याच सजाच्या कचेरीत फेरफाराची नोंद संगणकावर होते, सातबाऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी उमटते, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर अमलात आलेल्या ई-पीक पाहणीमुळे शेतकरीही स्वतःच्या बांधावर उभा राहून फोनवर पिकाची नोंद करू लागला आहे. मंठा, घनसावंगी किंवा जाफराबाद तालुक्यांतील एखाद्या आडगावी लॅपटॉपला इंटरनेट मिळण्याचा मार्ग पुष्कळदा खिशातल्या फोनमधूनच जातो. तो मध्येच खंडित झाला, की कुणाचा दाखला, कुणाची शिष्यवृत्तीची दरखास्त, कुणाच्या पीकविम्याचा अर्ज अर्ध्यावर तहकूब होतो, आणि 'रेंज गेली' असा एकतर्फी निकाल देऊन मंडळी उठून जातात. या निकालाची थोडी शहानिशा करावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की येथे संबंध एक नसून दोन आहेत. मोबाइलच्या मनोऱ्यापासून फोनपर्यंतचा एक, आणि फोनपासून लॅपटॉपपर्यंतचा दुसरा. 'रेंज' हा शब्द फक्त पहिल्या संबंधाला लागू पडतो. जोडणी सुटल्याबरोबर फोनवरच एखादे पान उघडून पाहावे. ते विनातक्रार उघडले, तर मनोरा निर्दोष आहे आणि बिघाड घरातल्या घरात आहे, असे खुशाल समजावे. तेही उघडले नाही, तर मात्र केबल बदलण्याचा खर्च व्यर्थ होय. क्षणभरात होणारी ही खातरजमा न केल्यामुळे पुष्कळांनी सुस्थितीतल्या फोनचे सिमकार्ड बदलले आहे आणि दोष होता तेथेच राहिला आहे.

बिघाड घरातला ठरल्यावर पुढचा प्रश्न विचारावा, तो असा, की जोडणी नेमकी कोणत्या क्षणी सुटते. दोष कोठे आहे हे यंत्र सांगत नाही; परंतु तो कधी प्रकट होतो, हे लक्षपूर्वक पाहणाऱ्यापासून लपून राहत नाही, आणि त्या वेळेवरूनच स्थळाचा माग लागतो.

फोन किंचित हलला, उचलला, टेबलावरून सरकला, की जोडणी सुटत असेल, तर संशय निःसंशयपणे केबलवर आणि पिनेवर घ्यावा. ज्या खाचेत आपण केबल खोवतो, त्या यूएसबी पद्धतीची पहिली प्रमाणित आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या घडणीत ज्यांचा प्रमुख वाटा होता, ते इंटेलमधील अभियंते अजय भट्ट हे गायकवाडांच्या बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. यूएसबीपूर्वी संगणकाच्या पाठीमागे माउसला एक, छपाईयंत्राला दुसरी, मोडेमला तिसरी अशा भिन्न भिन्न खाचा असत. जालन्याहून मुंबईकडे निघालेला माल मीटरगेज आणि ब्रॉडगेज यांच्या भेदामुळे मनमाडला एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मार्ग रुंद झाल्यावरच ती यातायात संपली, हे ज्यांना स्मरते, त्यांना सर्व यंत्रांसाठी एकच माप ठरविण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

या केबलच्या पोटात मूळच्या रचनेप्रमाणे चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. लॅपटॉपकडच्या चपट्या टोकात विजेच्या दोन पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांपेक्षा मुद्दाम थोड्या लांब ठेवलेल्या असतात, अशासाठी, की जोडताना वीज आधी यावी आणि काढताना सर्वांत शेवटी जावी. याचा एक परिणाम मोठा फसवा आहे. केबल थोडी सैल झाली किंवा आतली एखादी बारीक तार तुटली, तरी फोन चार्ज होतच राहतो, आणि आपण म्हणतो, 'चार्जिंग तर चालू आहे, म्हणजे वायर चांगलीच आहे.' हा युक्तिवाद टिकणारा नाही. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या काही केबलींत तर माहितीच्या तारा मुळातच घातलेल्या नसतात. त्यांनी फोन आमरण चार्ज होईल, परंतु लॅपटॉपला त्याची ओळख पटणार नाही. म्हणून केबल विकत घेताना 'डेटा केबल' मागून घ्यावी, आणि ती लांबलचक नसावी. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीत केबलची कमाल लांबी सुमारे ५ मीटर धरलेली आहे, आणि हलक्या प्रतीच्या तारेत त्याच्या पुष्कळ आधीच विजेचा दाब घसरू लागतो.

पिनेच्या बाबतीत आपल्या जालना जिल्ह्याची एक खास अडचण आहे. कापसाच्या हंगामात शेतात, जिनिंगमध्ये, बाजार समितीच्या आवारात वावरणाऱ्या माणसाच्या खिशात सूक्ष्म तंतू साठतात. ते धुळीसह फोनच्या खाचेत शिरतात, आणि प्रत्येक वेळी पिन खोवताना आत दाबले जाऊन तेथे नमद्यासारखा घट्ट थर बसतो. मग पिन पूर्ण आत जात नाही, जराशा धक्क्याने डळमळते, आणि मालक फोन नादुरुस्त समजून दुकानाची वाट धरतो. यावर उपाय असा, की फोन बंद करावा, लाकडाची बारीक कोरडी काडी घ्यावी आणि उजेडात धरून तो थर हलक्या हाताने बाहेर काढावा. टाचणी, सुई यांसारखी धातूची वस्तू आत घालू नये, आणि तोंडाने फुंकर मारू नये, कारण फुंकरीबरोबर ओलावाही आत जातो.

परंतु कोणी हातही न लावता, सर्व काही स्वस्थ असताना, ठराविक मिनिटांनी जोडणी सुटत असेल, तर केबलला बोल लावण्यात अर्थ नाही. हे काम विजेची काटकसर करण्याच्या हुकुमाचे असते. लॅपटॉप जेव्हा पाहतो, की अमुक खाचेतून काही वेळ देवघेव झालेली नाही, तेव्हा तो त्या खाचेला निद्रा देतो, आणि कित्येक फोन त्या निद्रेतून परत जागे होत नाहीत. भारनियमनाच्या काळात हा दोष विशेष दिसतो. लाइट गेली, की लॅपटॉप बॅटरीवर येतो, काटकसरीचे नियम अधिक कडक होतात, आणि 'लाइट गेली की नेटही जाते' असा अनुभव येतो. लोक तो मनोऱ्याच्या खात्यावर जमा करतात, वस्तुतः तो टेबलावरच घडलेला असतो. विंडोजच्या लॅपटॉपमध्ये पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत तपशिलात 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' ही बाब असेल, तर ती बॅटरीसाठी आणि चार्जिंगसाठी अशी दोन्हीकडे बंद करावी. तसेच डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट या पानावर, वीज वाचविण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची जी परवानगी संगणकाला दिलेली असते, ती काढून घ्यावी. फोनमधील बॅटरी सेव्हरही त्याच वेळी तपासावा.

केबल जोडली की सुटते, पुन्हा जोडली जाते आणि पुन्हा सुटते, असे लागोपाठ होत असेल, तर विजेच्या मागणीकडे पाहावे. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीची खाच साधारणपणे ५०० मिलिअँपिअर आणि तिसऱ्या आवृत्तीची ९०० मिलिअँपिअर वीज देण्यास बांधलेली असते. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, माउस आणि वर भुकेला फोन, अशी सारी मंडळी एकाच स्वस्त हबवर बसविली, तर हा शिधा पुरत नाही. अशा वेळी फोन लॅपटॉपच्या स्वतःच्या खाचेत थेट खोवावा.

केबलविना, म्हणजे हॉटस्पॉटने, काम करणाऱ्यांनी अंतराचा विचार करावा. पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या घरात मनोऱ्याची रेंज खिडकीतच मिळते म्हणून फोन खिडकीत ठेवावयाचा आणि लॅपटॉप आतल्या खोलीत, ही व्यवस्था सर्रास दिसते. परंतु तिच्यामुळे पहिला संबंध सुधारतो आणि दुसरा बिघडतो. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर असला, तर लहरी भिंतीपलीकडे बऱ्यापैकी जातात. ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक मिळतो, पण भिंत लवकर आडवी येते. सबब, भिंत मध्ये असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये २.४ निवडावे. पुष्कळ फोनांत, काही वेळ कोणी जोडलेले नसल्यास हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची तजवीज असते. लॅपटॉप झोपी गेला, की तिचा अंमल सुरू होतो. ती तेथेच बंद करता येते.

उन्हाळ्याचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. आयफोनच्या निर्मात्यांनी वापरासाठी सांगितलेली तापमानाची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा दुपारी फोन एकाच वेळी चार्ज होत असेल, हॉटस्पॉट पुरवीत असेल आणि खिडकीतल्या उन्हात पडलेला असेल, तर तो स्वतःच्या रक्षणार्थ चार्जिंग थांबवितो आणि आपल्या रेडिओची शक्ती कमी करतो. दुपारी सुटणारी आणि सकाळी न सुटणारी जोडणी बहुधा अशा उष्णतेमुळेच सुटत असते. फोन सावलीत घ्यावा, त्याचे जाड कव्हर काढावे. कुठलेही सेटिंग बदलण्याची गरज पडणार नाही.

श्रोतेहो, हे सर्व उपाय एकदम करू नयेत. केबल बदलली, सेटिंग बदलले, फोनची जागा बदलली, आणि जोडणी टिकली, तर गुण कशाचा आला हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या बिघाडाच्या वेळी आपण पुन्हा पूर्वीइतकेच अनभिज्ञ असतो. एका वेळी एकच बदल करावा. तीच केबल दुसऱ्या लॅपटॉपला आणि तोच लॅपटॉप दुसऱ्या फोनला जोडून पाहावा. आणि जोडणी केव्हा सुटली, तेव्हा लाइट होती की नव्हती, फोन गरम होता की गार, हलविला होता की स्वस्थ होता, एवढे एका कागदावर टिपून ठेवावे. इतके करूनही दोष सापडला नाही, तर दुरुस्तीच्या दुकानात अवश्य जावे, परंतु तो कागद बरोबर न्यावा. 'मधूनमधून बंद पडतो' एवढीच कैफियत ऐकून कारागीर अंदाजाने सुटे भाग बदलीत बसेल. 'लाइट गेल्यावर पाच मिनिटांनी बंद पडतो' हे ऐकल्यावर त्याला फोन उघडण्याचे कारणही उरणार नाही.