भूक, भीती आणि अभ्यास

बसवनगुडीत दरवर्षी कार्तिक महिन्यातील अखेरच्या सोमवारी दोड्ड बसवण्णाच्या मंदिरापाशी शेंगांची जत्रा भरते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. म्हैसूर येथे १९५० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याचे व भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ मिसळून ‘बहूद्देशीय अन्न’ सिद्ध केले. गरिबांच्या आहारातील प्रथिनांची तूट अल्प खर्चात भरून निघावी, हा त्यामागील हेतू होता. परंतु पोट भरले की पाठ येऊ लागतो काय?

वर्गात पेंगणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणणे सोपे असते. त्याच्या ढपणाचे कारण शोधणे तितके सोपे नसते. प्रौढ माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या अवघा दोन टक्के असूनही विश्रांतीच्या वेळी शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा खर्च करतो. वाढत्या मुलात हे प्रमाण याहून पुष्कळच अधिक असते. लोह कमी पडले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि अवधान टिकविणाऱ्या मेंदूतील रसायनांवरही परिणाम होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के भारतीय बालके रक्तक्षयी आढळली. हीच मुले पुढे शाळेच्या बाकावर येऊन बसतात.

दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. छडीचे भय, घरातील कलह, उद्याच्या जेवणाची चिंता यांमुळे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. क्षणभराच्या संकटात ते उपयोगी पडते. महिनोन्‌महिने वाढलेले राहिले, तर स्मरण आणि एकाग्रता यांना बाधा येते. उपाशीपोटी रक्तातील साखर उतरली की हेच संप्रेरक स्रवते. म्हणजे भूक हाही एक ताणच होय.

जमैकातील किंग्स्टन येथे खुंटलेल्या वाढीच्या १२९ बालकांवर दोन वर्षे प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना पूरक आहार मिळाला, काहींच्या मातांना मुलांशी खेळण्याचे शिक्षण मिळाले, तर काहींना दोन्ही मिळाले. दोन्ही मिळालेल्या बालकांची प्रगती सर्वांत सरस ठरली. आहार आणि आपुलकी एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत, हाच याचा अर्थ.

मात्र प्रत्येक अडचणीचे मूळ ताटात शोधू नये. वाचनाक्षमता सुपोषित, सुखवस्तू घरातील मुलातही आढळते. तिच्यासाठी वेगळी अध्यापनपद्धतीच हवी.

सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. त्या ताटात डाळ व पालेभाजी असावी, त्यावर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. आणि ते वाढणाऱ्याच्या मुखी दरडावणी नसावी. मुलाच्या बुद्धीविषयी निर्णय देण्यापूर्वी शिक्षकाने दोन प्रश्न अवश्य विचारावेत: आज ते जेवले आहे काय? आणि ते कोणाला भिते?